वाटीच्या तळाशी बसलेली डाळ

चोपडा तालुक्यातल्या एका गावातून एका तरुण आईचं पत्र आलं आहे. नाव-गाव गाळून मजकूर थोडक्यात असा: पहिलीच मुलगी, चार महिने वीस दिवसांची. घर एकत्र, केळी आणि दादर ज्वारीची शेती, दारात गाय. घरात अंडं-मांस चालत नाही. मुलीचं उष्टावण विषम महिन्यात करतात, म्हणून याच महिन्यात, पाचव्यात, उरकून घ्यावं असं सासूबाईंचं म्हणणं. मामाच्या हातून खीर, त्याआधी मधाचं बोट, मग रोज डाळीचं पाणी. उन्हाळ्यात पोर सुकेल म्हणून वरून पाणीही पाजायला सांगतात. सासरे लाडाने बशीतल्या चहात बिस्कीट बुडवून बाळाच्या ओठांना लावतात. पुण्याच्या मावसबहिणीने खोकं पाठवलं आहे: मोड आणलेल्या नागलीचं (नाचणीचं) पीठ, खारकेची पूड, कच्च्या केळीचं पीठ, सगळ्यावर 'शंभर टक्के नैसर्गिक' छापलेलं. शेजारची मैत्रीण म्हणते, डब्यातलं तयार सिरियल दे, त्यात लोह असतं. आई लिहिते, "मला मुलीला फक्त नैसर्गिकच द्यायचं आहे, रसायन नको. पण त्यातलं पहिलं कोणतं, कधी, किती, हेच कळेना. ज्याचं ऐकू नये तो दुखावतो. सासूबाई म्हणतात, 'आम्हना पोरे काय वाढनात नही का?' यावर मला उत्तर सुचत नाही. आणि मुलगी आमच्या ताटाकडे टक लावून बघते तेव्हा वाटतं, माझं दूध तिला पुरतच नाही."

पत्राखाली तू 'तुमच्या लेकीसारखी' असं लिहिलं आहेस, म्हणून अगं-तुगंच करते.

आधी तुझं शेवटचं वाक्य घेते, कारण बाकीच्या सगळ्या गोंधळाचं मूळ मला तिथेच दिसतं. चार-पाच महिन्यांचं बाळ ताटाकडे बघतं, तसं ते पंख्याकडे बघतं, गाईच्या हलणाऱ्या कानाकडे बघतं, तुझ्या हातातल्या मोबाइलकडेही बघतं. त्या वयात नजर पक्की होते आणि हलणारं सगळंच हवंसं वाटतं. ती भूक नव्हे. दूध पुरतं की नाही हे बघायच्या जागा दुसऱ्या आहेत. चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा लंगोट ओला होतो का? अंगणवाडीच्या कार्डावरची वजनाची रेघ वर चढते आहे का? जन्माच्या वजनाच्या दुपटीच्या आसपास ती आता पोचत आली असेल. पत्रात हे काही लिहिलेलं नाहीस, म्हणून उद्याच कार्ड काढून बघ. रेघ चढती असेल तर दूध पुरतंय, आणि ही चिंता आजपासून सोडून दे. रेघ आडवी पडली असेल तरी उपाय खीर किंवा डाळीचं पाणी नाही. तेव्हा बाळाला दवाखान्यात दाखवायचं आणि अंगावर किती वेळा, कसं पाजतेस ते तपासून घ्यायचं.

आता तारखेचं. जागतिक आरोग्य संघटना आणि आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञ एकच सांगतात: सहा महिने पूर्ण होईपर्यंत, म्हणजे १८० दिवस, फक्त आईचं दूध, त्यानंतर दुधासोबत वरचं अन्न. आणि सासूबाई काय म्हणतात? मुलीचं उष्टावण विषम महिन्यात, पाचव्यात किंवा सातव्यात. मग सातवा धरा ना! सातवा लागतो कधी? सहा महिने पुरे झाल्यावर, दुसऱ्या दिवशी. म्हणजे सातव्यातलं उष्टावण सासूबाईंच्या रीतीत बसतं आणि डॉक्टरांच्या हिशोबातही बसतं. कुणाला खोटं पाडायची गरजच उरत नाही. त्यांना एवढंच सांग, "आई, सातव्यात करू, तोवर तिला नीट बसायला येईल, मामालाही सुट्टी काढता येईल." बसण्याचं हे कारण मी मनचं सांगत नाही. मान सावरलेली असणं, आधाराने बसता येणं, चमचा ओठांना लागला की जिभेने बाहेर ढकलणं थांबलेलं असणं, या खुणा अन्नासाठी बघाव्याच लागतात. बहुतेक बाळांत त्या सहा महिन्यांच्या आगेमागेच दिसतात.

पाण्याबद्दल सासूबाईंची काळजी मला कळते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो, दुपारी पत्र्याखाली माणूस भाजून निघतो. तिथे बाळाला पाण्याचा थेंब द्यायचा नाही, हे त्यांना क्रूर वाटणारच. पण आईच्या दुधात शंभरात सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी भाग पाणीच असतं. उन्हात बाळ जास्त वेळा मागेल, तेव्हा जास्त वेळा पाज, आणि तहान लागली की पाणी तू पी. पाण्याने भरलेल्या छोट्या पोटात दूध मावत नाही. वर ते पाणी स्वच्छ नसलं तर उन्हाळ्यातच जुलाब व्हायचे. वरचं अन्न सुरू झालं की उकळून गार केलेलं पाणी वाटीने, घोट-घोट द्यायचं. बाटली तेव्हाही नको.

यापुढचं जरा सविस्तर लिहिते, कारण तुझ्यासारखी पत्रं मला दर महिन्याला येतात आणि 'नैसर्गिक' हा एक शब्द त्यातल्या बहुतेकींना अडवून ठेवतो.

पत्रातल्या आणि घरातल्या वस्तू एका ओळीत मांडून बघ. मध नैसर्गिक आहे. गूळ, खारीक, गाईचं दूध, बाळगुटीतलं वेखंड आणि जायफळ, सगळं नैसर्गिक आहे. चहासुद्धा झाडाचाच पाला आहे. पण यातलं मध वर्षाच्या आत बाळाला धोक्याचं आहे. मधात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत. वर्षाच्या आतल्या बाळाचं आतडं अजून तयार नसतं, तिथे ते रुजून विष तयार करतात. बाळ ढिलं पडतं, दूध ओढता येत नाही, श्वासही अडकू शकतो. असं क्वचितच होतं, म्हणूनच पिढ्यान् पिढ्या मध चाटवूनही बहुतेक बाळं सुखरूप राहिली, आणि सासूबाईंची राहिली याचा मला आनंद आहे. पण कोणत्या बाटलीत ते बीजाणू आहेत हे चवीने किंवा रंगाने ओळखू येत नाही, आणि मध उकळला तरी ते मरत नाहीत. वर्षभर थांबल्याने बाळाचं काहीच बुडत नाही. या एका गोष्टीवर मात्र ठाम राहा, रुसवा झाला तरी चालेल.

गुटीचंही तसंच. सहाणेवर किती वळसे उगाळले यावर मात्रा ठरते, सहाण धुतली कशी यावर स्वच्छता ठरते, आणि जायफळाने बाळ झोपतं याचा अर्थ त्याला बरं वाटतं असा होत नाही. सहा महिन्यांपर्यंत तर नाहीच. नंतरही तिच्याविना काही अडत नाही.

गाईचं दूध वाईट नाही, पण वर्षाच्या आत ते आईच्या दुधाच्या जागी येऊ नये. त्यात लोह फार थोडं असतं, आणि लहान बाळाच्या आतड्यातून त्यामुळे बारीक रक्तस्रावही होऊ शकतो, डोळ्यांना न दिसणारा. आठव्या महिन्यात घरच्या दह्याचे दोन चमचे, लापशीत थोडं दूध, इतपत ठीक. पेलाभर दूध पाजून 'जेवण झालं' म्हणणं नको.

तेव्हा नैसर्गिक काय, हा प्रश्न सध्या बाजूला ठेव. सहा महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधापलीकडे काय कमी पडतं, तिथून सुरुवात कर. पहिलं कमी पडतं ते लोह. पोटात असताना, शेवटच्या काही महिन्यांत, बाळ आईकडून लोहाचा साठा घेऊन ठेवतं. तो साधारण सहा महिने पुरतो. आईच्या दुधातलं लोह अंगी छान लागतं, पण ते असतंच थोडं. म्हणून सातव्या महिन्यापासून लोह बाहेरून यावं लागतं, आणि याच काळात मेंदूची वाढ सर्वात वेगात असते. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली. शंभरातली जवळजवळ सत्तर. यातल्या कितीतरी घरांत धान्य होतं, डाळ होती, माया तर होतीच.

दुसरी अडचण पोटाच्या मापाची. सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी साधारण २०० मिली मावतं. त्यात पातळ पाणी भरलं तर जागा गेली.

इथे मला डाळीच्या पाण्याबद्दल बोलायचं आहे, आणि यात माझा स्वतःचा अनुभव आहे. माझ्या थोरल्याला सातव्या महिन्यापासून मी रोज डाळीचं पाणी दिलं, दोन-दोन वाट्या. तूरडाळ शिजवायची, निवू द्यायची, वरची निवळ पिवळी धार चमच्याने काढायची. घरातल्या सगळ्या म्हणायच्या, डाळीचा सगळा कस पाण्यात उतरतो. दहाव्या महिन्यापर्यंत त्याचं वजन हललं नाही, ओठ फिके पडले. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी मला रागावलं नाही. त्यांनी मी आणलेली वाटी टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "दहा मिनिटं हलवू नका." दहा मिनिटांनी वर पिवळसर पाणी आणि खाली दोन बोटं डाळ. त्यांनी चमचा तळापर्यंत घातला, डाळीचा गोळा उचलला आणि विचारलं, "हे कोण खातं?" ते मी खात होते, रात्रीच्या भातावर. तू घरी करून बघ, सासूबाईंना शेजारी बसवून. बोलावं लागणार नाही, वाटीच दाखवेल. पाण्यात थोडं मीठ-क्षार उतरतात; प्रथिनं, लोह, ताकद सगळी तळाशी. बाळाला तळाचं द्यायचं, घोटून, चमचा तिरका केला तरी लगेच ओघळणार नाही इतकं दाट.

मग पहिला घास कोणता? तुझ्या घरात मला तो गुरगुट्या भात आणि मुगाच्या डाळीचा वाटतो. दोन भाग तांदूळ, एक भाग डाळ, भरपूर पाण्यात अगदी मऊ शिजवलेली, पळीने घोटलेली, वर घरचं तूप अर्धा चमचा. हिंग-जिऱ्याचा वास चालेल, चिमूटभर हळद चालेल. मीठ वर्षापर्यंत नको, साखर-गूळ दोन वर्षांपर्यंत जितकं लांब राहील तितकं बरं. तुला ते अळणी लागेल, तिला नाही. मिठाची चव तिला अजून माहीतच नाही. पहिल्या दिवशी दोन-तीन चमचे, सकाळच्या वेळी, म्हणजे काही त्रास झाला तर दिवसाउजेडी कळेल. एक पदार्थ दोन-तीन दिवस दिला की मग पुढचा. तांदूळच पहिला असा नियम मात्र कुठे नाही. नागलीची दाट लापशीही पहिली चालते, उकडून कुस्करलेलं गंगाफळही (लाल भोपळा) चालतं. पहिल्या घासावर एवढा जीव टांगू नकोस. पहिल्या दोन महिन्यांत काय काय पोटात जातं ते जास्त महत्त्वाचं.

केळीच्या मळ्यात राहतेस, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगते. केळं बाळाला फार चांगलं. मऊ, गोड, उकडायला नको, आणि घरासाठी राखलेला घड घरातच पिकत असेल तर कार्बाइडची शंकाही नको. कार्बाइडने फळं पिकवायला कायद्याने बंदीच आहे. पण केळ्यात लोह जवळजवळ नसतंच. आपल्या भागात मी हे पुष्कळदा पाहिलं आहे: घरचं केळं म्हणून सकाळी केळं, दुपारी केळं, संध्याकाळी रडली म्हणून केळं. बाळ गुटगुटीत दिसतं आणि रक्तातलं हिमोग्लोबिन सात-आठवर येतं. दिवसातून एकदा अर्धं केळं, तेही डाळ-भाताच्या जेवणानंतर. मावसबहिणीने पाठवलेल्या कच्च्या केळीच्या पिठाचंही तेच. ते मुख्यतः पिष्ट आहे. वाईट नाही, पण तुझ्या मुलीला जे कमी पडणार आहे ते त्यात नाही.

त्या खोक्यातलं नागलीचं पीठ मात्र वापर. १०० ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, दुसऱ्या कुठल्याच धान्यात इतकं नाही. लोहासाठी म्हणशील तर बाजरी तिच्या पुढे आहे, हे फार थोड्या आयांना माहीत असतं. मोड आणल्याने दोन फायदे होतात. धान्यातलं लोह अंगी लागायला आड येणारा घटक कमी होतो. आणि मोडाच्या पिठाची लापशी कमी फुगते, म्हणजे तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावतं. हे पीठ संपलं की विकत मागवू नकोस, घरी कर: नागली निवडून, धुऊन, रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायची, मंद आचेवर भाजायची, दळायची. ओली नागली वाटून, फडक्यातून गाळून, खाली बसलेलं पांढरं सत्त्व काढतात ना, त्यात चोथ्याबरोबर बरंचसं सत्त्व खरोखरच फेकलं जातं. वाळवून दळलेलं पीठ चाळून घेतलं की पुरे. खारकेची पूड नावाला चिमूटभर, रोज नको. ती साखरच आहे, फळातून आलेली.

मैत्रिणीचंही खोटं नाही. डब्यातल्या सिरियलमध्ये लोह घातलेलं असतं, ते विष नव्हे. प्रवासात, आजारपणात, तू कामावर जायला लागलीस तर अडीनडीला दिलंस म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. फक्त डब्याच्या मागे साखर किती हे वाच, आणि रोजचा आधार स्वयंपाकघराचाच ठेव. आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने, आणि २००३ च्या दुरुस्तीने, दोन वर्षांखालच्या मुलांच्या अशा डबाबंद अन्नाची जाहिरात करायला मनाई आहे. मोबाइलवर कुणी गोड बोलून डबा दाखवत असेल तर हे आठव. पाकिटावरच्या 'नैसर्गिक' या शब्दालाही तेवढीच किंमत दे; मागे छापलेली घटकांची यादी खरं सांगते.

घरात अंडं चालत नाही, म्हणून लोहाकडे जरा जास्त लक्ष द्यावं लागेल. (ज्या वाचकांच्या घरी चालतं, त्यांनी सहा महिन्यांनंतर नीट उकडलेलं अंडं जरूर द्यावं, पांढऱ्या-पिवळ्या दोन्हींसह, मासे-कोंबडी मऊ शिजवून, काटे-हाडं काढून.) तुझ्याकडे मूग, तूर, आणि मुख्य म्हणजे मसूर. बाजरीच्या पिठाची लापशी. शेवग्याचा कोवळा पाला, मेथी, पोकळा, वरणातच शिजवून घोटलेला. आणि याच्या जोडीला काहीतरी आंबट-ताजं: वरण-भातावर लिंबाचे चार थेंब, कुस्करलेला टोमॅटो, पिकल्या पेरूचा बिया काढलेला गर. त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे डाळी-पाल्यातलं लोह जास्त अंगी लागतं. वरण लोखंडी कढईत शिजवलंस तर आणखी थोडं मिळेल. यापलीकडे सरकारी दवाखान्यातून सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना लोह-फॉलिक ॲसिडचं सिरप मिळतं, आठवड्यातून दोनदा १ मिली. आशाताईंना विचार आणि सातव्यापासून चुकवू नकोस. शौच काळसर होतं, घाबरू नकोस. मुलगी दिवस भरायच्या आधी झाली असेल किंवा जन्मतः अडीच किलोच्या आत असेल, तर तिला लोह याआधीच सुरू करावं लागतं. ते डॉक्टरांकडून ठरवून घे. अंगणवाडीतून सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना घरी न्यायचा आहार मिळतो, त्यासाठी नावनोंदणीही आताच करून ठेव.

'रसायन नको' असं तू लिहिलंस, त्यावर शेतकऱ्याच्या घरात उपाय सोपा आहे. कुठल्या वाफ्यावर कधी फवारलं हे तुमच्याच माणसांना माहीत असतं. परसात, मोरीच्या पाण्यावर, एक गंगाफळाचा वेल, शेवगा आणि पोकळ्याचा वाफा बिनफवारणीचा राख. बाकीचं धुऊन, साल काढून, शिजवून दे. सेंद्रिय मिळालं नाही म्हणून मुलीची भाजी बंद ठेवणं, हे मात्र करू नकोस.

आणि तिच्यासाठी निराळी चूल मांडायची नाही. आपल्या खान्देशी जेवणात तिखट आणि काळा मसाला सढळ हाताने पडतो, पण तो पडतो शेवटी. वरण शिजलं, फोडणी पडायच्या आधी एक पळी तिच्यासाठी बाजूला. भाजी शिजली, मसाला पडायच्या आधी दोन फोडी बाजूला. आठव्या-नवव्या महिन्यात दादरच्या कण्या मऊ शिजवून वरणाबरोबर. दहाव्यात भाकरीचा पापुद्रा वरणात कुस्करून. कळण्याची भाकरी तर मला बाळांसाठी फार मोलाची वाटते. ज्वारी आणि उडीद एकत्र दळायचे हे ज्या बायांनी ठरवलं, त्यांना हे पक्कं ठाऊक होतं की धान्यात जे कमी ते डाळीत असतं. कळणा मीठ न घालता दळून घे, म्हणजे तिलाही चालेल. वर्षाची होईपर्यंत ती तुमच्याच पंगतीला, तुमच्याच ताटातलं, तिखट सोडून, खायला लागली पाहिजे.

शेंगदाणा अख्खा मुळीच नको, पाच वर्षांपर्यंत नको, घशात अडकतो. फुटाणे, अख्खी द्राक्षं, सुपारीएवढे कडक तुकडे हेही नाही. पण भाजलेल्या दाण्याचा अगदी बारीक कूट लापशीत घोटून सातव्या-आठव्या महिन्यात देता येतो, आणि तो लवकर दिला तर दाण्याची ॲलर्जी होण्याची शक्यता कमी होते असं २०१५ साली इंग्लंडमध्ये झालेल्या अभ्यासात दिसलं. अंगावर खूप इसब असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचार.

किती आणि किती वेळा? सातव्या-आठव्या महिन्यात दिवसातून दोन-तीनदा, दोन-तीन चमच्यांवरून हळूहळू अर्ध्या पेल्यावर, म्हणजे साधारण १२५ मिलीवर यायचं. नवव्यापासून तीन-चारदा. दूध चालूच, दोन वर्षं आणि पुढेही. पण हा हिशोब अंदाजापुरता. ती तोंड उघडते, पुढे झुकते, तोवर दे. मान फिरवली की थांब. मान फिरवलेल्या बाळाला मांडीवर आडवं घेऊन, नाक दाबून बोंडल्याने ओतायची जुनी पद्धत अजून आपल्याकडे आहे. ती घरात येऊ देऊ नकोस, श्वासनळीत जातं. बसवून, समोर बसून, तिच्या डोळ्यांत बघत भरव. मोबाइल नको. एखादी चव थुंकून टाकली तर चार दिवसांनी पुन्हा दे. आठ-दहा वेळा चाखल्यावर बाळं कितीतरी गोष्टी घेतात. मध्ये ओकारीसारखा आवाज येऊन डोळ्यांत पाणी येईल, ते शिकणं आहे. आवाजच बंद झाला, चेहरा निळसर पडला, तर ते अडकणं. तेव्हा पालथं धरून, डोकं खाली ठेवून, दोन खांद्यांमध्ये तळव्याने पाच थापा द्यायच्या आणि लगेच दवाखाना गाठायचा. या थापा कशा द्यायच्या ते नर्सताईंकडून सगळ्यांनी आधीच बघून घ्या, सासऱ्यांनीही.

मुलीचा सातवा ऐन मेमध्ये येतो म्हणून शिळ्याचं सांगते. सकाळी शिजवलेली खिचडी आपल्या उन्हात दुपारपर्यंत टिकत नाही. शिजवल्यापासून दोन तासांच्या आत संपवायची, उष्टी राहिली तर टाकायची. भरवण्याआधी हात साबणाने, वाटी-चमचा उकळत्या पाण्याने.

सासूबाईंच्या प्रश्नावर उत्तर सुचत नाही असं लिहिलंस. वाढली की त्यांची मुलं, वाढलीच. त्यातला एक तुझा नवरा आहे. त्या प्रश्नात मला राग कमी आणि भीती जास्त ऐकू येते, की माझं आता कुणाला काही लागत नाही. आणि खरं तर तुला त्यांचंच सगळ्यात जास्त लागणार आहे. नागलीला मोड किती आणायचे, दादर कशी भाजायची, गुरगुट्या भात तळाला न लागता कसा होतो, हे मी लिहून कळत नाही. ते त्यांच्या हातात आहे. हे काम त्यांना माग. "आई, हे मला जमत नाही, तुम्ही करा." उष्टावणाला मामा खीर भरवणार असेल, अंगठीने एक बोट ओठाला लावणार असेल, तर लावू दे, त्यावरून भांडू नकोस, फक्त खिरीत मध नसावा, आणि खिरीमागून तुझा भात-मूग असावा. हट्ट कुठे धरायचा ते ठरवून ठेव: मध, सहाच्या आत पाणी-अन्न, आणि चहा. बाकी सोडून द्यायला शीक.

चहाचं राहिलं. चहातल्या घटकांमुळे जेवणातलं लोह नीट अंगी लागत नाही, बिस्किटात मैदा आणि साखर, आणि तुझी मुलगी अजून पाच महिन्यांचीही नाही. आबांना, म्हणजे तुझ्या सासऱ्यांना, हे तू नको, नवऱ्याला सांगू दे, संध्याकाळी ओट्यावर, दोघंच असताना. आणि नुसतं 'देऊ नका' म्हणून त्यांचा हात रिकामा करू नका. त्यांची चहाची वेळ तिचीही वेळ असते. तेवढ्या वेळात ती त्यांच्या मांडीवर असते, दुसऱ्या कुणाच्या नाही. तोवर बशी लांब ठेवून तिला नुसती घेऊन बसू द्या. उष्टावण झालं की संध्याकाळच्या चारचा घास आबांच्या नावाचा: छोटी स्टीलची वाटी, त्यात घोटलेलं वरण-भात नाहीतर नागलीची लापशी, आणि चमचा त्यांच्या हातात.